गोल्फ : खेळ कुणाचा, मैदान कुणाचे?

गेल्या सुट्टीत आम्ही अमेरिकेहून परत आलो, तेव्हा बैठकेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "काय मास्तर, अमेरिकेत काय पाहिलेत?" आम्ही सरळ मनाने सांगितले, "पाहिले थोडे, पण गोल्फ पुष्कळ खेळलो." यावर सगळे हसले. कुणी म्हणाले, मास्तर साहेब झाले! आणि ते गृहस्थ म्हणाले, "अहो, तो ऊस लावणाऱ्यांच्या मालकांचा खेळ. आपण ऊस कापणाऱ्यांची मुले."

त्यांचे बोलणे आम्हाला लागले, कारण त्यात खोटे काही नव्हते. पण ते पूर्ण खरेही नव्हते. ते कुठपर्यंत खरे आहे आणि कुठून पुढे खरे नाही, याचा विचार आम्ही त्या दिवसापासून करीत आहोत. आज तोच विचार या पानावर मांडत आहोत.

आधी आमच्याविषयी थोडे. आम्ही काही खेळाडू नाही. आमचे थोरले बंधू बरीच वर्षे न्यूयॉर्क शहरात राहतात. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते एका रविवारी पहाटे उठवायला आले आणि म्हणाले, "चल, तुला आमचे मैदान दाखवतो." आम्हाला वाटले, आता एखादा मोठा बंगला, दरवान, लोखंडी फाटक दिसणार. प्रत्यक्षात आम्ही गेलो भुयारी रेल्वेने. एक नंबरच्या गाडीचे शेवटचे स्टेशन म्हणजे २४२ वा रस्ता. डब्यात रात्रपाळी करून घरी निघालेल्या परिचारिका होत्या, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका होत्या, आणि त्यांच्यामध्ये गोल्फच्या काठ्यांची पिशवी गुडघ्यात धरून बसलेले तीन-चार पुरुष होते. त्यांच्याकडे कुणीही वळून पाहिले नाही. आमच्याकडे कुणी बसमध्ये मासेमारीची काठी घेऊन चढावे, तितकीच ती गोष्ट साधी होती.

ते मैदान म्हणजे व्हॅन कोर्टलँट पार्क. १८९५ च्या जुलैमध्ये ते नऊ खळग्यांचे मैदान म्हणून उघडले, आणि अमेरिकेतील पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणून ओळखले जाते. जमीन शहराची, उद्यान शहराचे. खिडकीपाशी फी भरायची, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. काठ्या नसतील तर भाड्याने मिळतात. आपण एकटे-दुकटे असलो तर मैदानावरचा माणूस आपल्याला परक्यांबरोबर बसवून चौघांचा गट पुरा करतो. आमच्या गटात त्या दिवशी आम्ही दोघे भाऊ, एक निवृत्त बसचालक आणि किराणा दुकान चालवणाऱ्या एक कोरियन बाई होत्या. चार तासांहून जास्त वेळ आम्ही बरोबर चाललो. कुणी कुणाला तुझा धंदा काय, पगार किती, असे विचारले नाही. चेंडू गवतात हरवला की चौघेही शोधायला लागत.

तेव्हापासून आम्हाला या खेळाचा नाद लागला. हात अजून कच्चाच आहे. पण कच्च्या हाताच्या माणसालाही डोळे असतात, आणि त्या डोळ्यांनी जे पाहिले ते सांगायला हरकत नसावी.

पहिली गोष्ट सामानाची. गोल्फ महाग आहे असे म्हणतात, ते बहुतेक सामान पाहून. नियम असा आहे की, पिशवीत चौदांपेक्षा जास्त काठ्या ठेवता येत नाहीत. अमेरिकेत हा नियम १९३८ पासून आहे. त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्या नेत आणि त्या वाहणाऱ्या पोराची पाठ मोडत असे. पण चौदा ही वरची मर्यादा आहे, सक्ती नव्हे. सात काठ्यांनीही खेळता येते. नवशिक्याला तर सातच पुरे. हे आम्हाला मात्र उशिरा कळले. दुसऱ्या वेळी गेलो, तेव्हा एका मोठ्या दुकानातल्या चुणचुणीत मुलाने आमच्या गळ्यात एक भली मोठी चकचकीत लांब पल्ल्याची काठी बांधली. म्हणाला, हिने चेंडू वीस यार्ड पुढे जाईल. चेंडू खरोखर वीस यार्ड पुढे गेला. फक्त तो झाडीत वीस यार्ड पुढे गेला! त्या पैशात आमच्या मुलीची वर्षाची पुस्तके आली असती. तो निवृत्त बसचालक आपल्या जुन्या सात लोखंडी काठ्यांनी दर वेळी आम्हाला हरवीत असे, आणि काठी पुसता पुसता गालात हसत असे.

सामानाचा इतिहासही मौजेचा आहे. पूर्वी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू बनवत. एक कारागीर दिवसाला थोडेच चेंडू करू शके, म्हणून चेंडू महाग आणि खेळ बड्यांचा. १८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून चेंडू बनू लागले. ते स्वस्त होते, आणि त्यामुळे स्कॉटलंडमध्ये साधी माणसे खेळू लागली. पुढे १८९९ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबरी धागा गुंडाळलेल्या चेंडूचे पेटंट घेतले. हिकरी लाकडाच्या दांड्यांच्या जागी पोलादी दांडे आले. अमेरिकेने त्यांना १९२४ मध्ये मान्यता दिली. म्हणजे सामान सुधारत गेले, आणि खेळ थोडा खाली, लोकांपर्यंत आला. आजची जाहिरात मात्र उलटी दिशा दाखवते. ती सांगते, महाग घ्या म्हणजे चांगले खेळाल. शिक्षक म्हणून आम्हाला हे ओळखीचे वाटते. महागडे दप्तर घेतल्याने गणित येत नाही.

आणि त्या सगळ्या सामानात सर्वांत छोटी, सर्वांत स्वस्त वस्तू कोणती? चेंडू ज्यावर ठेवून पहिला फटका मारतात ती लाकडी खुंटी, जिला टी म्हणतात. पूर्वी ओल्या वाळूची चिमूट करून त्यावर चेंडू ठेवीत. १८९९ च्या डिसेंबरमध्ये लाकडी टीचे पेटंट घेतले ते बोस्टनच्या डॉ. जॉर्ज ग्रँट यांनी. ते दंतवैद्य होते, हार्वर्डमध्ये शिकवीत होते, आणि त्यांचे आईवडील पूर्वी गुलाम होते. त्यांनी त्या टीतून पैसा केला नाही. मित्रांना वाटून टाकल्या. त्यांच्या या कामाची अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने दखल घेतली १९९१ मध्ये. आज जगातला कितीही मोठा धनवान गोल्फ खेळायला उभा राहिला, तरी पहिल्या फटक्याआधी तो एका गुलामाच्या मुलाने दिलेली खुंटी जमिनीत खोवण्यासाठी वाकतो. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुले गप्प झाली.

आता खेळाविषयी. या खेळात पंच बहुधा नसतो. आपले फटके आपणच मोजायचे, आपली चूक आपणच सांगायची. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स या प्रसिद्ध खेळाडूचा चेंडू त्याच्या काठीमुळे किंचित हलला असे त्याला वाटले. दुसऱ्या कुणाला ते दिसले नव्हते. तरी त्याने स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. पुढे बरोबरी झाली, पुन्हा सामना झाला आणि तो हरला. तो एक फटका त्याने लपवला असता तर स्पर्धा त्याचीच होती. आम्ही परीक्षेच्या काळात बाकांमधून फेऱ्या मारतो, कॉपी पकडतो. पण विद्यार्थी स्वतःच परीक्षक होईल असा विषय आमच्या शाळेत नाही. गोल्फ तो विषय आहे.

मात्र खेळ सज्जन असला म्हणून मैदान सज्जन असते असे नाही. त्याच बॉबी जोन्सच्या नावाचे एक सार्वजनिक मैदान अटलांटा शहरात आहे. १९५१ मध्ये होम्स घराण्यातील माणसे, म्हणजे एक डॉक्टर आणि त्यांचे मुलगे, तिथे खेळायला गेली. ती काळी होती, म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. मैदान शहराचे, कर त्यांनीही भरलेला, पण फाटक बंद. ते घरी जाऊन रडत बसले नाहीत. कोर्टात गेले. खटला वर जात जात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास अटलांटाच्या सार्वजनिक मैदानावर काळे खेळाडू खेळले. त्या घराण्यातला नातू हॅमिल्टन होम्स १९६१ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या दोन काळ्या विद्यार्थ्यांपैकी एक झाला. मैदानाचे फाटक आणि शाळेचे फाटक एकाच किल्लीने उघडते, असे आम्हाला यावरून वाटते. व्यावसायिक गोल्फपटूंच्या अमेरिकन संघटनेने तर फक्त गोऱ्यांनाच सभासद करण्याचे कलम १९६१ पर्यंत टिकवले होते. म्हणून अमेरिकेत सगळे सोन्याचे होते असे कुणी समजू नये. तिथेही सार्वजनिक हा शब्द पाटीवर आधी आला, आणि खरा व्हायला साठ वर्षे आणि कोर्टकचेऱ्या लागल्या.

पण खरा झाला, हे महत्त्वाचे. आज अमेरिकेत सुमारे सोळा हजार गोल्फ मैदाने आहेत, आणि त्यांतली चारांपैकी तीन साधारणपणे कुणालाही फी भरून खेळायला उघडी आहेत. सर्वांत मोठे उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे बेथपेज. मंदीच्या काळात, जेव्हा लाखो लोक बेकार होते, तेव्हा सरकारी कामावर मजूर लावून तिथली मैदाने उभारली गेली. त्यांतले ब्लॅक नावाचे मैदान १९३६ मध्ये उघडले. राज्याचे उद्यान आहे ते. पाच मैदाने आहेत. ब्लॅकच्या पहिल्या टीपाशी पाटी लावली आहे, की हे मैदान फार कठीण आहे, निष्णात खेळाडूंनीच यावे. पाटी अडवत नाही, फक्त सावध करते! याच मैदानावर २००२ आणि २००९ मध्ये अमेरिकन ओपन झाली, आणि २०२५ मध्ये अमेरिका व युरोप यांच्यातला रायडर करंडकही. जिथे जगातले पहिले खेळाडू खेळतात, तिथे शाळामास्तरही खेळू शकतो. राज्याच्या रहिवाशाला फी कमी, बाहेरच्याला जास्त. जागा मिळावी म्हणून लोक रात्रभर आपल्या गाड्यांत झोपून रांग लावतात. आम्हीही एक रात्र बंधूंच्या गाडीत, वहिनींनी दिलेल्या पोळी-भाजीच्या डब्यासह काढली. पहाटे पाळी आली. किती फटके लागले ते मात्र विचारू नका. आम्ही प्रामाणिकपणे मोजले, एवढेच सांगतो.

सार्वजनिक मैदानाचे दोषही पाहिले. गर्दी फार, खेळ संथ. गवत खाजगी क्लबासारखे मखमली नाही. आणि जिथे रांग आली तिथे रांगेचा काळाबाजारही आला. लॉस एंजेलिस शहरात काही दलाल पहाटे यंत्राच्या वेगाने वेळा अडवून ठेवीत आणि जास्त पैशांनी विकीत. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा २०२४ मध्ये शहराने परत न मिळणारी दहा डॉलर अनामत सुरू केली. यावरून शिकायचे ते हे, की सार्वजनिक वस्तू एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली असे नसते. तिची राखण करावी लागते, शेताची करतात तशी.

आता आपल्या लोकांकडे येऊ. गोल्फ आपला नाही असे म्हणणाऱ्यांनी दोन नावे ध्यानात ठेवावी. पहिले, डर्बनचे पापवा सेवगोलम. आपल्यासारखेच गिरमिटियांच्या वंशातले, मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारे, लिहिता-वाचता न येणारे. सगळे जग उजवा हात खाली धरून काठी पकडते, ते डावा हात खाली धरीत. कुणी शिकवलेच नव्हते! अशा उलट्या हातांनी त्यांनी १९५९ मध्ये हॉलंडची ओपन स्पर्धा जिंकली. १९६३ मध्ये डर्बनमध्ये नाताळ ओपन जिंकली, तेव्हा गोरे लोक क्लबाच्या इमारतीत बसले होते आणि पापवांना करंडक बाहेर पावसात देण्यात आला, कारण त्या काळच्या वर्णद्वेषी कायद्याने त्यांना आत पाऊल टाकता येत नव्हते. १९६५ मध्ये त्यांनी गॅरी प्लेअरलाही हरवले. पुढे सरकारने त्यांचे खेळणेच बंद केले. १९७८ मध्ये ते गरिबीत वारले.

दुसरे नाव फिजीचे विजय सिंग. तेही बेटावरचे, तेही भारतीय वंशाचे. वडील विमानांची दुरुस्ती करणारे कामगार. त्यांनीच मुलाला खेळ शिकवला. २००० मध्ये त्यांनी अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा जिंकली आणि २००४ मध्ये ते जगात पहिल्या क्रमांकावर गेले. एकाला दार बंद मिळाले, दुसऱ्याला उघडे. फरक रक्तात नव्हता, दारात होता.

आणि आपले बेट? वाकवाच्या जिमखान्यात १८४४ पासून गोल्फ आहे असे सांगतात. तो इंग्रज अधिकाऱ्यांचा काळ. म्हणजे खेळ आपल्या बेटावर पावणेदोनशे वर्षे आहे. आपले पूर्वज कोकणातून आले त्याच सुमाराचा. नंतर समुद्रकाठच्या हॉटेलांची मैदाने आली, आणि या शतकात परदेशी लोकांसाठी बंगल्यांच्या योजना आल्या, त्यांच्याभोवतीही गोल्फची हिरवळ आली. जिथे एके काळी उसाची शेते होती, तिथे आता अठरा-अठरा खळगे आहेत. बेल ओम्ब्रला २०१५ मध्ये मॉरिशस ओपन झाली, मोठमोठे खेळाडू आले, दूरदर्शनवर आपला समुद्र चमकला. आम्हाला अभिमान वाटला. पण आमचा एक जुना विद्यार्थी अशाच एका मैदानावर गवत कापायला आहे. तो आम्हाला म्हणाला, "मास्तर, मी रोज पहाटे चारला उठून त्या हिरवळीचा एकेक केस विंचरतो. सात वर्षे झाली. एकदाही चेंडू मारलेला नाही."

आमचे आजोबा ऊस तोडीत, पण निदान तोंडात एक कांडे तरी घालीत. या पोराला तेवढेही नाही.

यावर कुणी म्हणेल, मास्तर, बेट लहान, जमीन थोडी, कोरड्या दिवसांत नळाला पाणी नाही, आणि तुम्ही गोल्फ मागता? हा आक्षेप योग्य आहे आणि आम्ही तो मान्य करतो. नवी मोठी मैदाने काढा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. एकाही कुटुंबाच्या घराची किंवा भाजीच्या वाफ्याची जागा त्यासाठी जाऊ नये. आमचे म्हणणे इतकेच, की जी मैदाने आहेत, जी आपल्याच मातीवर उभी आहेत आणि याच बेटाच्या आभाळाचे पाणी पितात, त्यांच्या मालकांनी आठवड्यातून एक दुपार शाळेच्या मुलांसाठी आणि तिथे राबणाऱ्या कामगारांसाठी खुली ठेवावी. अमेरिकेत २००६ पासून एक योजना आहे, तिच्यात सभासद मुलांना पाच डॉलर किंवा त्याहून कमी पैशांत मैदानावर खेळता येते. ही काही भीक नव्हे. ज्याच्या घामाने गवत हिरवे राहते, त्याच्या मुलाने त्या गवतावर एकदा चालावे, एवढाच हा हिशेब आहे.

दुसरे, आपण स्वतःही काही करू शकतो. सराव करायला अठरा खळगे लागत नाहीत. शाळेच्या मैदानाचा एक कोपरा, एक जाळी, दहा जुन्या काठ्या आणि बादलीभर चेंडू पुरेत. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांनी पुढच्या वेळी चॉकलेटांऐवजी दोन जुन्या लोखंडी काठ्या आणाव्यात. आम्ही आमच्या चार आणल्या आहेत, आणि ती चकचकीत मोठी काठीही शाळेला देऊन टाकली आहे. मुलांच्या हातात ती सरळ जाते, आमच्याच हातात वाकडी जात होती!

शेवटी एकच. रविवारी आपण सहकुटुंब समुद्रावर जातो, डेगचीतला भात झाडाखाली वाढून खातो, तेव्हा तिथे 'प्लाज प्युब्लिक' अशी पाटी असते. ती पाटी आहे म्हणून आपल्याला कुणी उठवत नाही. थोडे पलीकडे हॉटेलाची वाळू सुरू झाली की आपली मुले आपोआप आवाज खाली करतात. आम्ही हे आमच्या स्वतःच्या मुलीत पाहिले आहे. तिला कुणी काही बोललेले नव्हते. तरी ती कुजबुजू लागली. व्हॅन कोर्टलँट पार्कात मात्र त्या बसचालकाने आपली सात काठ्यांची पिशवी खांद्याला लावून मोठ्याने हाक मारली होती, "चला, आपली पाळी आली!"

आपल्या मुलांना गोल्फ आला नाही तरी चालेल. पण आपल्याच बेटावर त्यांना आवाज खाली करावा लागू नये. ज्या गृहस्थांनी बैठकेत आम्हाला तो प्रश्न विचारला, त्यांना आमचे हे उत्तर आहे. त्यांच्या नातवाला येत्या शनिवारी शाळेच्या मैदानावर पाठवावे, ही विनंती.